खुंटाचं फूल

मराठवाड्यातल्या आमच्या पुंडलिकनगरात गच्चीवर झाडं लावायची म्हटली की आधी नळाचा वार बघावा लागतो. आमच्या गल्लीत पाणी रोज येत नाही. कधी पाच दिवसांनी, कधी आठ. जायकवाडीहून येणारी जलवाहिनी मधे कुठे फुटली की त्याहून जास्त. पाणी आलं की घरोघरी मोटारी लागतात. ड्रम, टाक्या, कळशा, धुण्याच्या बादल्या, जे भांडं रिकामं असेल ते भरून घ्यायचं आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचं. गजानन महाराज मंदिराच्या चौकातून आत वळलं की लागून लागून घरं आहेत, छोटे प्लॉट, अंगणाचा पत्ता नाही. मोकळी जागा काय ती डोक्यावर, स्लॅबवर. एप्रिल-मेमध्ये तिथे अनवाणी पाऊल टेकवत नाही. अशा गच्चीवर मी रोपांचा धंदा करते, आणि त्यातला बहुतेक माल एकाच झाडाचा आहे : अडेनियम. गिऱ्हाईक त्याला ‘वाळवंटी गुलाब’ म्हणतं. गुलाबाशी त्याचं काही नातं नाही, पण पाटीवर तेच लिहावं लागतं.

लग्न झाल्यावर काही वर्षं मी बीड बायपासकडच्या एका नर्सरीत रोजानं जायचे. पिशव्या भरायच्या, रोपं गाडीत लावायची, पाणी मारायचं. गुलाब, जास्वंद, मोगरा, हंगामात शेवंती. तिथे बोअरचं पाणी होतं, पाइप सोडला की झालं. ते शिकलेलं घरी फारसं उपयोगी पडलं नाही, कारण शेवंतीला नळाचा वार कळत नाही. नर्सरीच्या एका कडेला, जिथे पाइप पोचायचा नाही अशा भिंतीजवळ, अडेनियमच्या काही कुंड्या पडून होत्या. मालकांनी एका लॉटमध्ये त्या उचललेल्या, पण तेव्हा त्यांना मागणी नव्हती. त्यांना पाणी घालायला सगळेच विसरत. आणि ऐन मे महिन्यात, बाकीच्या वाफ्यांना दिवसातून दोनदा पाणी मारूनही पानं करपत असताना, त्या भिंतीजवळ गुलाबी फुलं उघडलेली असायची. त्यातल्या दोन कुंड्या मी पगारातून वळत्या करून घरी आणल्या. धंदा तिथून सुरू झाला.

झाड मूळचं आफ्रिकेतलं. सहाराच्या खालचा सेनेगलपासून सुदानपर्यंतचा कोरडा पट्टा, पुढे केनिया-टांझानिया, आणि समुद्र ओलांडून यमन-ओमान. तिथल्या विरळ, खडकाळ रानात ते पुरुषभर, कधी त्याहूनही उंच झुडूप होतं. खाली फुगीर बुंधा, वर आखूड जाड फांद्या, कोरड्या दिवसांत पान एक नाही आणि फांद्यांच्या टोकांना फुलं. त्याचा एक भाऊ दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात आहे, त्याला तिकडे ‘इम्पाला लिली’ म्हणतात. तो ऐन हिवाळ्यात निष्पर्ण फांद्यांवर फुलतो. दुसरा सोकोत्रा बेटावर, त्याचे बुंधे माणसाच्या कवेत मावत नाहीत. टांझानियातले हाडझा शिकारी अडेनियमचाच चीक आटवून बाणांच्या टोकांना लावतात. इथे ते कुंडीत असतं म्हणून आपल्याला शोभेचं वाटतं.

नावाबद्दल असं म्हणतात की त्यात एडन आहे, यमनचं बंदर. एडन म्हटलं की आपल्याला वासुदेव बळवंत फडके आठवतात; १८८३ साली ते तिथल्याच तुरुंगात गेले. पण या झाडाची महाराष्ट्राशी एक त्याहून जुनी गाठ आहे. १७६१ साली डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात एक मोहीम पाठवली. तिच्यात पीटर फोर्स्कोल नावाचा वनस्पती गोळा करणारा तरुण होता, लिनियसचा शिष्य. यमनमध्ये त्यानं हे झुडूप पाहिलं, त्याचं वर्णन लिहिलं आणि त्याला कण्हेरीच्या कुळात घातलं. १७६३ च्या जुलैत यमनमध्येच तो हिवतापानं गेला. उरलेले आजारी अवस्थेत जहाजानं मुंबईला निघाले. दोघं समुद्रात वारले, मोहिमेचा डॉक्टर मुंबईत वारला, आणि कार्स्टन नीबूर हा मोजणीदार तेवढा जगला. त्यानं मुंबईत मुक्काम केला, घारापुरीची लेणी मोजली, त्यांची चित्रं काढली. पुढे घरी पोचल्यावर १७७५ मध्ये त्यानं मित्राचे कागद छापून आणले, आणि या झाडाचं पहिलं वर्णन जगापुढे आलं ते त्या पुस्तकातून. म्हणजे फोर्स्कोलच्या टिपणांचा वारस आपल्या घारापुरीत फिरला होता. हे कुठेतरी वाचल्यापासून कुंडीतल्या झाडाकडे बघताना मला त्या जहाजाची आठवण होते. गिऱ्हाइकाला सांगायला गेलं तर ते म्हणतं, ‘‘ताई, फूल डबल आहे का सिंगल ते सांगा.’’

फोर्स्कोलनं कण्हेर ओळखली ती बरोबरच होती. आपल्याकडची कण्हेर, पिवळी बिट्टी, तगर, चाफा, सदाफुली ही सगळी याच्या भाऊबंदकीतली. अडेनियमची फांदी मोडली की चीक येतो, आणि तो पोटात गेला तर हृदयावर परिणाम करतो. झाड विकताना मी हे प्रत्येकाला सांगते. घरात रांगतं मूल असेल तर कुंडी वर ठेवा, छाटणी केल्यावर हात साबणानं धुवा, डोळ्याला हात लावू नका. एकदोघं ऐकून परत गेले. जाऊ देत. मी स्वतः रबरी हातमोज्यांशिवाय सुरी हातात घेत नाही.

मातीचं काम मात्र मला मनापासून आवडतं. मराठवाड्यात काळ्या मातीला नाव ठेवलेलं कोणाला चालत नाही, पण अडेनियमला काळी माती म्हणजे मरण. ती पाणी धरून ठेवते आणि याचं मूळ कुजतं. मी चाळलेला मुरूम घेते, त्यात विटांचा चुरा, जाड वाळू, थोडा जळक्या कोळशाचा भुगा, आणि जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत, तेही चौथ्या हिश्श्याहून कमी. हे सगळं मिसळून मुठीत दाबायचं आणि मूठ उघडायची. ढेकूळ झालं तर मुरूम वाढवायचा, हातातून सांडलं तर जमलं. वरून तांब्याभर पाणी ओतलं की कुंडीच्या तळाच्या भोकातून ते लगेच खाली यायला हवं. पहिल्यांदा बघणारी गिऱ्हाइकं हसतात : ‘‘वहिनी, माती कुठंय यात? खडेच विकता की काय?’’ मी म्हणते, मातीचे पैसे घेतलेच नाहीत.

दर उन्हाळ्यात झाडं उपसायची असतात. कुंडीतून काढायचं, मुळं धुवायची, बारीक मुळं कापायची, जाड ठेवायची, सावलीत सात-आठ दिवस उघडं वाळत ठेवायचं आणि पुन्हा लावताना इंचभर वर उचलून लावायचं. त्यामुळे मातीत दडलेली जाड मुळं बाहेर येतात. बुंधा आणि ही मुळं मिळून जो घाट तयार होतो त्याला धंद्यात सगळे ‘कॉडेक्स’च म्हणतात. जुन्या झाडाची किंमत त्याच्यावर ठरते. सासूबाई पहिल्या वर्षी ती उपसलेली, भिंतीला टेकवून ठेवलेली उघडी झाडं पाहून म्हणाल्या, ‘‘अगं, मरतील ना ही!’’ आठवडाभरानं लावली, पंधरा दिवसांत पालवी आली. झाडानं पाणी आधीच अंगात भरून ठेवलेलं असतं. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराचं गणित तेच आहे, फक्त आमचे ड्रम प्लास्टिकचे.

धंद्याचा कणा म्हणजे कलम. लोकांना भरगच्च फूल लागतं. दोन थर, तीन थर, गडद लाल, काठाला काळपट, मधे पिवळं. थायलंडमध्ये आणि तैवानमध्ये यांचे शेकडो प्रकार निघालेत, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाचा फोटो. असल्या झाडाची फांदी लावली तर ती जगते, फुलतेही, पण तिला बुंधा नीट फुगत नाही. बांबूसारखी सरळ जाते. बी लावावं तर त्या फुलाचं काय होईल ते सांगता येत नाही, कारण प्रत्येक बी वेगळी. म्हणून बियांपासून आलेल्या रोपाचा बुंधा घ्यायचा आणि वर नामांकित झाडाची काडी बसवायची. खालच्याला आम्ही खुंट म्हणतो.

बी धरणं हा वेगळाच उद्योग आहे. आफ्रिकेत जे कीटक ते काम करत असतील ते पुंडलिकनगरात येत नाहीत. आपण करावं लागतं. फुलाची नळी एका बाजूनं नखानं फाडायची. आत पाच परागकोश एकमेकांना चिकटून शंकू झालेला असतो, त्याच्या टोकांना केसांसारख्या शेपट्या. पराग त्या शंकूच्या आत वर, आणि तो जिथे लागायला हवा ती ओलसर जागा आतच, थोडी खाली. निसर्गानं दार इतकं अरुंद का ठेवलंय कोण जाणे. एका फुलाचा शंकू टूथपिकनं उघडून पिवळा पराग काढायचा आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात, दोन परागकोशांच्या फटीतून खालून आत सरकवायचा. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, चष्मा लावून. त्याच झाडाचा त्याच झाडाला सहसा लागत नाही. बहुतेक फुलं गळतात. एखादं धरलं तर आठवड्याभरात देठाशी दोन हिरवी टोकं दिसतात, मग त्यांची दोन बाजूंना वळलेली शेंगांची जोडी होते आणि दोन-तीन महिन्यांत ती पिकते.

पिकायच्या आधी शेंगेला दोरा गुंडाळावा लागतो. रुईची शेंग उकलून म्हातारी उडताना लहानपणी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. अडेनियमची बी उडते ती जरा वेगळी. बारीक काडीसारखी बी, आणि तिच्या दोन्ही टोकांना सोनेरी केसांचे झुबके. वाऱ्यावर ती दोन चाकांच्या गाडीसारखी गडगडत जाते. दोरा बांधला नाही तर दुपारच्या एका झुळुकीत महिन्यांचं काम शेजारच्या पत्र्यावर. शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या पन्हाळीत एक रोप उगवलेलं आहे, ते माझंच. मागायला गेले तर म्हणाले, राहू द्या, आमच्याकडेही असू द्या एखादं.

ताजी बी ऊबदार दिवसांत आठवड्याच्या आत उगवते. पहिल्यापासूनच देठ खाली जाडसर असतो. एवढुसं रोप, पण गुबगुबीत. वर्ष-सव्वा वर्षात बुंधा अंगठ्याहून जाड झाला की तो कलमाला तयार. आणि इथे माझी अडचण सुरू होते.

कलम करायचं म्हणजे काय, तर बुंध्याच्या फुगवट्याच्या वर दोन-तीन बोटं जागा सोडून रोप आडवं कापायचं. ब्लेड स्पिरिटनं पुसलेलं, एका घावात. कापल्याबरोबर चिकाचे थेंब कडेनं गोलाकार उभे राहतात, मग एकत्र होऊन ओघळतात. ते टिश्यूनं टिपत राहायचं, थांबेपर्यंत. घाई केली तर चीक दोन्ही भागांच्या मधे साचतो आणि जोड सुटतो. मग खुंटाला मधोमध खाच, काडीला पाचर, साल सालीला भिडेल अशी बसवायची. एका बाजूनं जरी भिडली तरी चालतं. वर पट्टी ताणून गुंडाळायची, त्यावर प्लास्टिकची छोटी पिशवी, आणि सावली. दहा-बारा दिवसांनी पिशवीच्या आत हिरवा ठिपका दिसला की कलम लागलं. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत हे काम चालतं; पावसात करू नये, जोड कुजतात.

कापलेला शेंडा खाली पडतो. त्यावर दहा-पंधरा पानं असतात, कधी टोकाला कळीची सुरुवातही. त्या रोपाचं फूल कोणीच पाहिलेलं नसतं. ज्या दोन झाडांचा पराग मी एकत्र केला त्यांची फुलं मला माहीत आहेत, पण त्यांच्या या लेकराचं कसं असणार होतं ते आता कळणार नाही. एका शेंगेतून आलेल्या भावंडांतही दोन फुलं सारखी येत नाहीत. कोणाचा गुलाबी फिका, कोणाचा काठ कुरळा, कोणाच्या नळीत रेषा. त्या सगळ्यांवर मी एकच लाल, तीन थरांचं फूल बसवते, कारण ते विकतं. कलमी झाडाला माती-कुंडीचा मोजका खर्च करून चांगले दोनशे-अडीचशे मिळतात, बियांच्या साध्या रोपाला साठ-सत्तर म्हटले तरी लोक तोंड वाकडं करतात. महिन्याचं गॅस सिलिंडर, मुलाच्या क्लासची फी ही कलमांनी भरली आहे, तेव्हा कलमाविरुद्ध बोलायचा मला हक्क नाही. आंब्याचंही हेच आहे. केशर खाताना खालच्या गावरान कोयीला कोणी विचारतं का? पण आंब्याच्या त्या कोयीचा आंबा आपण कधीतरी खाल्लेला असतो. इथे तेही नाही.

म्हणून मी प्रत्येक पेरणीतली काही रोपं कापत नाही. गच्चीच्या पूर्वेच्या कठड्याला एक रांग तशीच सोडते. नवरा म्हणतो, ही तुझी बिनपगारी फौज. वाळूजला कंपनीत काम करणारा माणूस, त्याला ज्या यंत्रातून माल निघत नाही त्याला पाणी का द्यायचं ते पटत नाही. त्याचं चूक नाही. त्या रांगेतली बहुतेक फुलं खरोखरच साधी निघतात. पाच पाकळ्या, गुलाबी, मधे पांढरं. पहिल्या वर्षी असं साधं फूल बघून जरा निराशा होते, मग होत नाही. त्या रांगेनं मला एक शिकवलं, की साध्या पाच पाकळ्यांचं फूल पावसाचे थेंब पडले तरी कुजत नाही. ते तीन थरांचं जड फूल वळवाच्या एका सरीत भिजून लोंबतं.

पावसाळा हा आमचा वैरी हंगाम. इतरांना कमी पावसाची भीती, मला सलग रिमझिमीची. जुलैत सगळ्या कुंड्यांवर प्लास्टिक चढवते, कुंड्या विटांवर उचलून ठेवते. रोज सकाळी बुंधे अंगठ्यानं दाबून बघायचे. घट्ट लागला तर ठीक. बोट थोडं जरी आत गेलं तर झाड उपटायचं, सुरी घ्यायची आणि तपकिरी भाग संपून पांढराशुभ्र गर लागेपर्यंत कापत जायचं. कधी निम्मा बुंधा जातो. जखमेवर बुरशीनाशकाची पूड चोळायची, झाड उलटं टांगून वाळवायचं. त्यातली बरीच वाचतात. जी वाचतात त्यांचे बुंधे वाकडेतिकडे, खड्डे पडलेले होतात, आणि गंमत म्हणजे बोनसायवाली मंडळी त्यांनाच जास्त पैसे देतात.

ऑगस्ट-सप्टेंबरात अळी येते. एका रात्रीत फांदी बोडकी दिसली आणि खाली काळ्या गोळ्यांची रांगोळी पडली की समजायचं. बोटाएवढी जाड हिरवीगार अळी, डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळ्यांसारखे ठिपके, शेपटीवर काटा. चिडली की मान आत ओढते आणि ते खोटे डोळे मोठे करून दाखवते. हिचा पतंग मोठा देखणा असतो, हिरव्या-गुलाबी नक्षीचा. ज्या चिकानं बाण विषारी होतात तोच चीक ही अळी पिऊन पोसते. मी त्यांच्यावर औषध मारत नाही. चिमट्यानं उचलून कोपऱ्यावरच्या कण्हेरीवर सोडते, तेही तिचं हक्काचं जेवण आहे. माणसांनी भरलेल्या गल्लीत एवढा मोठा पतंग रात्री दिव्यापाशी आला तर पोरं गोळा होतात, तेवढीच त्यांची अभ्यासातून सुटका.

डिसेंबरात फोन सुरू होतात. ‘‘ताई, तुमचं झाड मेलं. सगळी पानं पिवळी पडून गळाली.’’ इथे थंडीत पारा दहाच्या आसपास उतरतो आणि झाड झोपतं. मी एकच विचारते, बुंधा दाबून बघितला का? घट्ट आहे ना, मग पाणी बंद करा आणि फेब्रुवारीत फोन करा. पाणी बंद करा म्हटलं की लोकांना ते पटत नाही. पैसे देऊन आणलेल्या झाडाला पाणी न घालणं त्यांना पाप वाटतं. पिवळं पडलंय म्हणून ते आणखी पाणी घालतात आणि मग ते खरंच मरतं. दुसरा फोन ऑनलाइनवाल्यांचा. कोणीतरी निळ्या अडेनियमच्या बिया मागवलेल्या असतात, फोटोत निळंशार फूल. उगवलेलं रोप घेऊन ते माझ्याकडे येतात. निळं अडेनियम मी अजून जिवंत पाहिलेलं नाही, आणि ज्यांनी पाहिल्याचं सांगितलं त्यांनीही ते मोबाइलमध्येच पाहिलं होतं.

खुंट आणि काडीचा संसार वरून दिसतो तितका शांत नसतो. खालचं झाड आपलं डोकं विसरत नाही. जोडाच्या खाली, बुंध्यावर, बारीक कोंब फुटतात. त्यांना आम्ही फुटवे म्हणतो. ते वेळीच अंगठ्यानं खुडायचे असतात, नाहीतर ते जोरात वाढून वरच्या काडीचं खाणं ओढून घेतात. कुंडी देताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला जोडाची खूण दाखवते : याच्या खाली जे येईल ते काढून टाका.

आमच्याच गल्लीतल्या एका काकूंनी माझ्याकडून लाल कलम नेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या कुंडी कडेवर घेऊन जिना चढून आल्या. ‘‘अगं, तू लाल म्हणून दिलंस अन् हे काय निघालं? एका झाडाला दोन फुलं कामून?’’ वरच्या फांदीला तीन थरांचं लाल होतंच. पण जोडाच्या खालून एक फुटवा चांगला हातभर वाढला होता आणि त्याच्या टोकाला चार-पाच फुलं होती. पाकळ्या पाचच, सुट्या, जरा पीळ पडलेल्या. रंग जवळजवळ पांढरा, फक्त काठाला धाग्याएवढी लाल रेघ, आणि नळीत डोकावलं तर आत पिवळ्यावर उतरत गेलेल्या लाल रेषा. त्या खुंटाची आई आणि बाप दोन्ही माझ्या गच्चीवर होते, आणि दोघंही गडद गुलाबी.

मी काकूंना समजावलं, हे खालच्या झाडाचं स्वतःचं फूल आहे, काहीही बिघडलेलं नाही. त्या म्हणाल्या, ‘‘ते असू दे, पण देवाला लाल बरं दिसतं. हे काढून टाक.’’ त्यांचंही बरोबर होतं. फुटवा आणखी सहा महिने राहिला असता तर वरची लाल फांदी वाळली असती. मी त्यांच्यासमोर फुटवा मुळापासून कापला, जखमेवर पूड लावली, कुंडी परत दिली. त्या गेल्यावर ती फांदी हातात घेऊन बसले. नुसती मातीत खोचली तर जगली असती, पण सरळसोट, बुंध्याविना. ते फूल नीट झाडावर हवं असेल तर एकच मार्ग होता. पूर्वेच्या रांगेतली, मी न कापता ठेवलेली, अजून एकदाही न फुललेली दोन-तीन जाड रोपं निवडायची आणि त्यांचं डोकं उडवायचं.

थोडा वेळ घुटमळले, खोटं कशाला बोलू. मग ब्लेड पुसलं. फांदी तोडल्यावर तिच्या काड्या फार दिवस थांबत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती, तो सगळा दिवस मोटारीपाशी जाणार होता. दोन कलमं लागली, एक सुकलं.

लागलेल्यांपैकी एक मी ठेवलं आहे, काड्या काढायला मातृवृक्ष म्हणून. दुसरं या वर्षी फुलल्यावर खाली दारात विक्रीला मांडलं. काकूंना म्हटलं, हे तुमच्याच झाडाचं, न्या तसंच. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, पांढरं आहे गं, राहू दे. रविवारी गारखेड्याकडून एक कॉलेजातला मुलगा आला. त्यानं बाकीची लाल-पिवळी सोडून तेच उचललं, मोबाइल काढून दोन-तीन फोटो शोधले, ताडून पाहिले आणि विचारलं, ‘‘ताई, ही व्हरायटी कोणती?’’ मी म्हटलं, नाव नाही याला, इथेच झालंय. त्यानं जोडाखालचा बुंधा बोटांनी दाबून बघितला. घट्ट होता. मग म्हणाला, नाव नाही तर तीस रुपये कमी करा. वीसवर तोडलं.